भारी पानांना तोड काय?

पत्त्यांच्या खेळाचा इतिहास सांगायचे ठरवले, तेव्हा माझ्या एका शिक्षकमित्राने कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, गावोगावी या पत्त्यांपायी बैलजोड्या विकल्या गेल्या, आणि तुम्ही त्यांचा इतिहास सांगणार?" असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नाही. पैसा लावून खेळलेल्या तीनपत्तीने आपल्या भागातली काही घरे धुऊन नेलेली मीही पाहिली आहेत. परंतु वाचकहो, आज मी जुगाराविषयी बोलणार नाही. जुगारात बुद्धीला काम थोडे आणि नशिबाला फार. आज बोलायचे आहे ते ज्या खेळात डोके चालवावे लागते त्याविषयी, आणि त्यातल्याही एकाच प्रश्नाविषयी. समोरच्याच्या हातात भारी पाने आली, तर करायचे काय?

हा प्रश्न मला सुचला नाही, एका विद्यार्थ्याने सुचवला. मागच्या पावसाळ्यात वर्गात मागच्या बाकावर काही कुजबूज चालली होती. जवळ जाऊन पाहतो तर परदेशी चित्रांचे रंगीत पत्ते. शिस्तीप्रमाणे डबी जप्त केली. तास संपल्यावर मुलगा डबी मागायला आला. हा काय प्रकार आहे ते समजावून सांगशील तर देतो, असे मी म्हणालो. मग त्याने अर्धा तास मला शिकवले, आणि खरे सांगतो, मी विद्यार्थी म्हणून फारसा हुशार ठरलो नाही.

त्या खेळाची गंमत अशी की जोड सगळ्यांचा मिळून एक नसतो. ज्याने त्याने आपापली पाने विकत घ्यायची, अदलाबदल करून जमवायची, आणि त्यांतून निवडून स्वतःचा जोड बांधायचा. अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या पंडिताने १९९३ साली 'मॅजिक' नावाचा असा खेळ काढला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९६ साली, जपानात 'पोकेमॉन'चे पत्ते निघाले. आज दोन्ही खेळ जगभर चालतात. 'मॅजिक'मध्ये आरंभी एका पानाच्या किती प्रती ठेवाव्यात याला बंधनच नव्हते. मग व्हायचे तेच झाले. ज्याच्याजवळ पैसा आणि चिकाटी, त्याने एकच जबरदस्त पान डझनांनी जमवले. अखेर सामन्यांसाठी नियम करावा लागला, की मामुली पाने सोडली तर एका पानाच्या चारांहून अधिक प्रती जोडात चालणार नाहीत.

तरीही एक अडचण राहतेच. एखादा जोड जिंकू लागला की सगळे तसाच जोड बांधतात. माझ्या विद्यार्थ्याची तक्रार नेमकी हीच होती. "सर, आमच्या गटात सगळ्यांनी एकसारखाच जोड केलाय. पहिल्या चार-पाच डावांत धडाधड हल्ला करतात. याला तोड काय?" परदेशातल्या मोठ्या सामन्यांत यासाठी खेळाडू पंधरा पाने बाजूला बाळगतात. पहिली बाजी झाली, समोरच्याच्या जोडाची जात कळली, की आपली काही पाने काढून बाजूची नेमकी पाने आत घालायची. म्हणजे बुद्धिबळात शहाला जसा काटशह, तसाच हा प्रकार. मला तो आवडला. एक मात्र खटकले. ही तोड आधी दुकानातून आणावी लागते. ज्याच्या खिशात नाही, त्याच्या हातातही नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या मनात आले, की आपल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला होता? कारण पत्ते आपल्याकडे काही काल आलेले नाहीत.

हिंदुस्थानातल्या पत्त्यांचा पहिला पक्का उल्लेख १५२७ सालचा आहे, आणि तो खुद्द बाबर बादशहाच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा खेळण्याचा शौक होता, म्हणून बाबराने त्याच्याकडे गंजिफाचा जोड पाठवला. गंजिफा हा शब्द इराणातून आला, खेळही तिकडूनच आला. परंतु आपल्या मातीत आल्यावर त्याने आपले कपडे घातले. अकबराचा मंत्री अबुल फझल याने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन केले आहे. त्यात अश्वपती आहे, गजपती आहे, नरपती आहे, गडपती आहे. धनपती, नावांचा धनी, वनराज, नागराजही आहेत. गजपती म्हणजे ओरिसाचा राजा, ज्याचे बळ हत्तींत. नरपती म्हणजे विजापूरचा, ज्याचे बळ पायदळात. त्या काळच्या राजकारणाचा नकाशाच जणू हातात धरून माणसे खेळत होती.

पुढे जास्त चालला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. आपल्या मराठी मुलखात आणि इतर काही प्रांतांत त्याच्याच धर्तीवर दशावतारी गंजिफा रूढ झाला. दहा अवतार म्हणून दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने. एकूण १२० पाने, सगळी गोल. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. हे पत्ते करण्याचे मोठे ठिकाण म्हणजे कोकणातले सावंतवाडी. तिथले चितारी कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर खडूचा लेप देत, हाताने रंगवत आणि लाखेने चकाकी आणत. श्रीमंतांसाठी नाजूक काम, त्याला दरबारी कलम म्हणत. सामान्यांसाठी चार फटकाऱ्यांत रंगवलेले, ते बाजार कलम.

ओरिसात याच खेळाला गंजपा म्हणतात. पुरीजवळच्या रघुराजपूरचे चित्रकार आजही गोल पत्ते रंगवतात, आणि काही जोडांत एका बाजूला रामाची सेना तर दुसऱ्या बाजूला रावणाची. आपल्या नागपूरच्या भोसल्यांनी १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसावर अंमल केला. त्यांच्या फौजेतल्या एखाद्या शिलेदाराने कटकेच्या मुक्कामी हा डाव मांडला असेल काय, असा विचार मनात येतो. पण तो आपला मनातला विचार झाला, इतिहास नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्याला ठाऊक असलेल्या बहुतेक खेळांत हुकूम असतो. इस्पिक हुकूम असेल तर इस्पिकाची दुर्री बदामाच्या एक्क्याला कापते. गंजिफात असा हुकूमाचा रंगच नाही. ज्या रंगाची उतारी, त्या रंगातले मोठे पान जिंकणार. हुकूम हा शब्द त्या खेळातही होता, पण त्याचा अर्थ निराळा. एखाद्या रंगातली जी पाने अजून खेळात शिल्लक आहेत त्यांतले सर्वांत मोठे, म्हणजे ज्याला आता कोणी मारू शकत नाही, ते पान हुकूम. आरंभी राजा हुकूम. राजा पडला की प्रधान हुकूम. प्रधानही गेला की त्याच्या खालचे. म्हणजे हुकूम जन्माने ठरत नसे. वरचे गेले की खालच्याला ते पद मिळे. शिक्षकांना सेवाज्येष्ठतेची यादी आठवेल!

मग भारी पानांचे काय? इथे एक विलक्षण नियम आहे. दहा रंगांपैकी पाच रंगांत राजा, प्रधान आणि मग दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम. एक्का सगळ्यांत हलका. उरलेल्या पाच रंगांत राजा, प्रधान आणि मग एक्का, दुर्री, तिर्री. इथे दहाच सगळ्यांत हलके. मोगली गंजिफातही अर्धे रंग असे आणि अर्धे तसे. अबुल फझलाच्या बारा रंगांत सहा बळकट आणि सहा दुबळे म्हणून सांगितले आहेत, त्याचा अर्थ हाच. गंमत म्हणजे युरोपातही जुन्या इटालियन आणि स्पॅनिश खेळांत पेले आणि नाणी या दोन रंगांचा क्रम असाच उलटा असे. आशियातून पत्ते तिकडे गेले तेव्हाची ही खूण असावी, असे मानायला जागा आहे.

हा नियम आला कुठून ते असो. त्याचे काम पाहा. समजा, तुमच्या हातात दहा-नऊचा मोठा भरणा आला. आपल्या नेहमीच्या खेळात तुम्ही खूश व्हाल. गंजिफात मात्र आधी पाहावे लागेल, की हे दहे कुठल्या घरचे? एका घरी तो प्रधानाच्या पाठीला पाठ लावून बसणारा मानकरी, दुसऱ्या घरी उंबऱ्याबाहेरचा गडी. एकाच प्रकारच्या पानांनी हात भरून सगळा डाव मारून न्यावा, ही सोय खेळानेच ठेवलेली नाही. राजा आणि प्रधान तेवढे दोन्हीकडे शाबूत.

तर मग राजांची तोड काय? शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. तीन जण खेळतात, प्रत्येकाला ४० पाने. म्हणजे एकंदर ४० हात होणार. राजे दहा. समजा, एकाच्याच नशिबात सात राजे आले. सरासरीने तीन-साडेतीन यायचे तिथे सात, म्हणजे भाग्य फळफळलेच म्हणा. पण त्या सात राजांनी किती हात होतील? सात. उरले तेहेतीस. सगळे राजे आणि सगळे प्रधान मिळून घरी आणले तरी वीसच हात. निम्मा डाव मधल्या आणि हलक्या पानांवर लढला जातो. आता उलट, आपल्या बावन्न पानांच्या खेळात चौघांत तेरा हात होतात. तिथे चार एक्के आणि चार बादशहा एका बाजूला आले, की दुसऱ्या बाजूने नुसते बघत बसायचे.

त्या मधल्या पानांना जोर कसा येतो? आठवणीने. वर सांगितल्याप्रमाणे, वरचे पान गेल्याशिवाय खालचे हुकूम होत नाही. समजा, एका सरळ क्रमाच्या रंगातला तुमच्याजवळ नव्वा आहे. राजा गेला, प्रधान गेला, दहाही गेला. आता तुमचा नव्वा हुकूम झाला. पण दहा कधी पडला ते तुमच्या ध्यानात नसेल, तर तुम्ही त्या नव्व्याला दबकत धरून बसाल, आणि अखेरीस कोणाच्या तरी भलत्याच रंगाच्या उतारीवर फेकून द्याल. पाहणारा हसेल. राजा तुमच्या हातात होता, आणि तुम्ही त्याला प्यादे समजलात. १२० पाने, दहा रंग, त्यांतले पाच उलटे. आणि हात झाला की पडलेली पाने परत उलगडून पाहायची नाहीत. हा सगळा हिशेब डोक्यात.

दुसरी गोष्ट, रंगाला रंग दिलाच पाहिजे अशी सक्ती बहुधा नसे. समोरच्याने राजा उतरला. तो मारता येत नाही हे उघड आहे. मग त्यावर कोणते पान टाकायचे? इथे कच्चा खेळाडू आणि पक्का खेळाडू वेगळे पडतात. कच्चा आकड्याने हलके दिसेल ते फेकतो. पक्का विचार करतो, की या दुर्रीच्या रंगात क्रम उलटा आहे, राजा पडून गेला आहे, प्रधान समोरच्याकडे असला तर त्याला तो लवकरच उतरावा लागेल, एक्का माझ्याचजवळ आहे; मग ही दुर्री राखून ठेवलेली बरी. आणि ज्याच्याकडे प्रधान आहे पण राजा दुसऱ्याच्या मुठीत आहे, त्याने त्या रंगातले एक हलके पान पुढे करून राजाला बाहेर ओढायचे. एक हात जातो, पण मागचा प्रधान मोकळा होतो.

तिसरी तोड माणसांची. गंजिफात भागीदार नाहीत, तिघे तीन वाटांचे. परंतु एकाचा डाव फार पुढे जाऊ लागला की उरलेले दोघे न बोलता एक होतात. पानिपतानंतरच्या निजाम, हैदर आणि मराठे यांच्या तिढ्याचा इतिहास शिकवताना मला हा गंजिफाचा डाव पुष्कळदा आठवतो. ज्याची सरशी, त्याच्याविरुद्ध बाकीचे दोघे.

आणखी एक सुंदर रीत होती. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्याजवळ रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. राम सूर्यवंशी, जन्म भर दुपारचा. कृष्ण चंद्रवंशी, जन्म मध्यरात्रीचा. मोगली जोडात दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याची मोहोर आणि रात्री सफेद म्हणजे चांदीचे नाणे. म्हणजे दिवसाचा बलवान रात्री बलवान राहीलच असे नाही.

छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडला. हाताने रंगवलेल्या १२० पानांपुढे छापखान्यातली ५२ पाने कोणीही घेईल. त्यांच्याबरोबर हुकूमाचा रंग आला आणि तोडीची रीतच बदलली. आपल्याकडचे मेंढीकोट पाहा ना. रोवणा आटोपला, पाऊस लागून राहिला, की आमच्या ओसरीवर चौघे बसत. माझे काका त्यात पट्टीचे. मेंढीकोटात चार दहिल्यांना मान. ज्या जोडीने तीन घेतले ती जिंकली, चारही घेतले तर कोट. दहिल्याला एक्का, बादशहा, राणी, गुलाम असे सगळेच मारतात, आणि तरी सगळी लढाई त्याच्यासाठी! यातही भारी पानांना तोड आहे, ती कट हुकूमाची. हुकूम आधी ठरवायचाच नाही. ज्याच्याजवळ उतारीचा रंग पहिल्यांदा संपेल, तो जे पान टाकील त्याचा रंग हुकूम. समोर एक्के-बादशहा कितीही असोत, एक रंग लवकर संपवला की कापायची संधी आपली. काका मुद्दाम एखाद्या रंगाची दोनच पाने असली की ती आधी मोकळी करीत आणि मग मिशीत हसत वाट पाहत. मी लहानपणी ते भारी पाने नसताना कसे जिंकतात याचे नवल करीत असे.

मेंढीकोटाला मी नावे ठेवणार नाही. त्यात भागीदाराचे मन ओळखावे लागते, ते गंजिफात नाही. परंतु आठवणीचे जे ओझे गंजिफा वाहायला लावी, त्याच्या पावपटही इथे लागत नाही. तेरा हातांचा हिशेब कोणीही ठेवील.

सावंतवाडीत ही कला संपत आली होती. पत्ते करणारा जाणता कारागीर शोधून १९७० नंतरच्या वर्षांत तिथले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला आसरा दिला, म्हणून आज तिथे दशावतारी जोड विकत मिळतो. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी जन्मभर हे पत्ते जमवले, अभ्यासले, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे पुस्तक व प्रदर्शन केले. पत्ते असे वाचले. पण मला खंत वाटते ती निराळी. जोड विकत घेणारे बहुतेक लोक ते चौकटीत घालून भिंतीवर लावतात. चित्र राहिले आणि चाल गेली. राजाला बाहेर ओढण्याची युक्ती, दुर्री राखून ठेवण्याचा धीर, हे भिंतीवर टांगता येत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला पुढ्यात बसवून शिकवावे लागते. तसे शिकवू शकणारे आता फार थोडे उरले आहेत.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी डबी परत केली आणि हे सगळे सांगितले. त्याने विचारले, "सर, पण हे पत्ते मिळणार कुठे?" सावंतवाडी आपल्या गोंदियाहून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि हाताने रंगवलेला जोड स्वस्त नसतो. मग आम्ही घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. बांगडी ठेवून गोल आखले, कात्रीने कापले. आमगावच्या एका मुलीचा हात चित्रकलेत बरा. तिने दहा खुणा काढल्या. कूर्म थोडा बटाट्यासारखा आला आहे, पण ओळखू येतो. १२० पाने व्हायला दोन रविवार लागले.

पहिल्या डावात कोणालाच काही आठवेना. उलटे रंग कोणते, यावरच निम्मा वेळ भांडण. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत मात्र तोच मुलगा, ज्याला धडाधड हल्ल्याची तोड हवी होती, एका छक्क्यावर हात मारून गेला. वरची सगळी पाने पडून गेल्याचे त्याने मोजले होते, आणि आम्हा दोघांना पत्ताही नव्हता. मी इतिहासाचा अध्यापक, सनावळी पाठ असलेला. मला सहा पाने मागचे आठवेना.

परवा एक नवाच वाद निघाला. संध्याकाळी पाचला डाव मांडला, आभाळ भरून आले, अंधारले, आणि वीज गेली. पुढचा डाव मेणबत्तीवर वाटला. रामाचा राजा माझ्याकडे होता, म्हणून मी म्हणालो की सूर्य अजून मावळला नाही, घड्याळ पाहा, उतारी माझी. कृष्णाचा राजा त्याच्याकडे. तो म्हणाला, "सर, दिवा लावला म्हणजे रात्र." आमगावची मुलगी त्याच्या बाजूला गेली. शेवटी मी हरलो, आणि उतारी कृष्णाच्या राजाची झाली.